बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये इलेक्ट्रिशियनला काम किती, पगार किती

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केलाय, लोटे एमआयडीसीत कंत्राटदाराकडे सहा वर्षं काम करताय, घरचे कतारला जा म्हणताहेत आणि तुमच्या मनात जर्मनीचं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य आहे. तिथे काम मिळेल का आणि हातात किती पडेल? मी दापोलीचा. आधी कुवेतला होतो, आता याच राज्यातल्या श्टुटगार्टजवळ याच धंद्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम आहे, पण गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांची नावं बघून येऊ नका. बॉश, झेडएफ यांनीच हजारो नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलंय. माणसं हवी आहेत ती दहा-वीस जणांच्या छोट्या कंपन्यांना. घरांचं वायरिंग, सोलर, हीट पंप, गाडी चार्ज करायचे बॉक्स ही त्यांची कामं. या राज्यात मे २०२२ पासून नव्या घरावर आणि जानेवारी २०२३ पासून छपराचं मोठं काम काढलं तरी सोलर बसवणं सक्तीचं आहे. त्यामुळे या कंपन्यांचं काम लवकर आटणारं नाही.

आता पगार. वीजकामाच्या धंद्यासाठी सगळ्या जर्मनीत वेगळं किमान वेतन ठरलेलं आहे, २०२६ साठी तासाला १४.९३ युरो. ज्याच्या कोर्सला जर्मनीत मान्यता नाही, अशा मदतनिसाला याच्या आसपासच मिळतं. मान्यता असलेला, एकट्याने काम उरकणारा कारागीर इकडे साधारण १८ ते २२ युरोंपर्यंत जातो. महिन्याला ३,२०० युरो पगार धरला तर कर, पेन्शन, आरोग्यविमा वगैरे कापून एकट्या माणसाच्या हातात २,१५० ते २,२०० येतात. त्यातून श्टुटगार्टकडे नुसत्या खोलीला ५०० ते ७०० जातात. आखातात पगारावर कर नाही आणि राहण्याची सोय बहुतेक वेळा कंपनी करते. म्हणजे पहिली दोन वर्षं कतारवालाच घरी जास्त पैसे पाठवेल. डोक्यावर कर्ज असेल आणि ते लगेच फेडायचं असेल तर घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

पण वहिनी आणि मुलांना घेऊन राहायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, इकडे या. बायको इथे राहायला आली की कराचा वर्ग बदलून घेता येतो आणि तेवढ्याच पगारात महिन्याला दोनशेहून जास्त युरो हातात वाढतात. ती भारतात असेपर्यंत ही सवलत नाही. शाळेला फी नाही. मान्यताप्राप्त कुशल कामगाराचा परवाना मिळाला की तीन वर्षांनी, बी-१ जर्मन (म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमेल ती पातळी) येत असेल तर, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. कुवेतमध्ये कितीही वर्षं काढली तरी ही वाट नव्हती.

१५ आणि २० युरोंमधला फरक पडतो तो मान्यतेने आणि भाषेने. हातातलं कसब आपल्या पोरांकडे आहेच. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात ज्यांनी पडलेले खांब उभे केले त्यांना काम शिकवायला नको. पण इथला कोर्स साडेतीन वर्षांचा, आपला दोन वर्षांचा, त्यामुळे कारागिरांच्या चेंबरकडून (आपला कोर्स तपासून मान्यता देणारी इथली संस्था) बहुतेकांना अर्धवट मान्यता मिळते. उरलेला भाग कंपनीत काम करता करता पुरा करायचा. मार्च २०२४ पासून त्यासाठी वेगळी सोय आहे: सरकारमान्य दोन वर्षांचा कोर्स, ए-२ जर्मन (बी-१ च्या खालची पातळी) आणि नोकरीचा करार असेल तर आधी येऊन मान्यतेचं काम इथून करता येतं. तुमच्यासाठी हाच रस्ता. नुसत्या अनुभवावरचा व्हिसाही आहे, पण त्याला २०२६ साठी वर्षाला ४५,६३० युरो पगाराची अट आहे आणि छोटी कंपनी नवख्याला तेवढं सहसा देत नाही.

कायद्याला ए-२ पुरतं, कामाला पुरत नाही. बी-१ करूनच निघा. एक उदाहरण देतो. इथल्या जुन्या घरात सॉकेट उघडला की कधी कधी दोनच तारा दिसतात आणि न्यूट्रलवरून अर्थिंगच्या पट्टीला छोटा जोड दिलेला असतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर मशीनच्या पत्र्यात करंट येतो, आणि अशा सर्किटवर नुसता आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून भागत नाही, नवी वायर ओढावी लागते. हे घरमालकीण आजींना तिथल्या तिथे समजावता आलं पाहिजे, त्यासुद्धा श्वेबिश या इथल्या जर्मन बोलीत बोलत असताना. ते जमलं की मालक तुम्हाला एकट्याला साइटवर पाठवतो आणि पगार वाढतो. बाकी टेस्टर-स्क्रूड्रायव्हरवर इथे कोणी विसंबत नाही. दोन टोकांच्या टेस्टरने तपासल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, आणि काम झालं की मोजमापांचा अहवाल लिहायचा, तोही जर्मनमध्ये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे कुशल कामगार पाठवण्यासाठी महाराष्ट्र सरकार आणि या राज्याचा करार झाला. सावंतवाडीचे दीपक केसरकर तेव्हा शिक्षणमंत्री होते, त्यांनी बराच पुढाकार घेतला. करार झाला म्हणजे नोकरी ठरली, असं मात्र नाही. त्याच्या नावावर कोणी लाखभर रुपये मागत असेल तर देऊ नका. नोकरीचा करार थेट कंपनीकडून आला पाहिजे.

आपलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, खर्च दोन-तीन हजार युरो. गाडीशिवाय साइट नाही, तेव्हा तेवढी रक्कम बाजूला ठेवा आणि कंपनी त्यातला काही भाग देते का, हे सही करण्याआधी विचारा.

लोट्याच्या कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र आत्ताच घ्या. 'सहा वर्षं काम केलं' एवढंच नको. पॅनेल वायरिंग, मोटर स्टार्टर, अर्थिंग, केबल जोडणी यांतलं काय काय आणि किती काळ केलं, ते तारखांसकट लिहून घ्या. चेंबर तेच वाचून ठरवते.