‘पगार आहे ना घरात? मग नाही मिळणार’

“मॅडम, याला वसतिगृहात घातला तर दवापाण्याचं सरकार बघतं ना? घरी ठेवला की सगळं आमच्यावरच.”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ही आई आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; मधूनमधून फिट येते. वडील पतसंस्थेत कारकून. माझ्याशी बोलता बोलता ती त्याला पाणी पाजत होती. हनुवटीखाली दोन बोटं, मान जरा पुढे, एक चमचा, मग तो गिळेपर्यंत थांबायचं. घोट उतरला की बोटांना कळत होतं, मग पुढचा चमचा. अशी आई वसतिगृहाचं नाव काढते तेव्हा पोर नको झालेलं नसतं, पैसे संपलेले असतात.

तिला दोघांनी परत पाठवलं होतं. विमा एजंट म्हणाला, जन्मापासूनचं आहे, पॉलिसी निघणार नाही. एका कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं, “पगार आहे ना घरात? मग नाही मिळणार.” त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. हे खिडकीवरचं वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकताना पोटात तुटतं. कारण या मुलापुरतं ते चुकीचं होतं.

राष्ट्रीय न्यास ही केंद्र सरकारची संस्था, तिचा कायदा १९९९चा. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी तो आहे. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. उत्पन्नाची अट नाही, वयाची नाही, विम्याआधी तपासणीही नाही. मूल संस्थेत असलं पाहिजे असंही कुठे नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणी २५० रुपये, बाकीच्यांना ५००. पगाराचा फरक पडतो तो एवढाच. आणि ॲडमिट व्हावं लागतं असं नाही. ओपीडी, औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी हेही त्यात येतं. अशा घरांना कमरेतून वाकवतो तो हाच रोजचा खर्च, ऑपरेशन एखादंच असतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण खरी गाठ पुढे होती. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं होतं, त्यावर नुसतं ‘अस्थिव्यंग, ७५ टक्के’. सेरेब्रल पाल्सीचा उल्लेखच नाही. हात-पाय बघून तेवढंच लिहून दिलेलं. निरामयसाठी या चारांपैकी निदान कागदावर लागतं. नुसतं अस्थिव्यंग, नुसतं कर्णबधिरत्व त्यात बसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहेच, म्हणून न्यूरॉलॉजिस्टचे जुने कागद आणि एमआरआय घेऊन त्यांना पुन्हा सिव्हिलला पाठवलं. दोन खेपा झाल्या, दोन रजा गेल्या. प्रमाणपत्र दुरुस्त झालं, त्यावरून यूडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. मग न्यासाकडे नोंदणी असलेल्या एका संस्थेमार्फत फॉर्म भरला. तुमच्या मुलाचं प्रमाणपत्र घरात असेल तर आजच काढून निदानाची ओळ वाचा, एवढं माझं ऐका.

दोन गोष्टी मी तिला आधीच स्पष्ट सांगितल्या, कारण खोटी आशा लावून पाठवलेली माणसं परत येत नाहीत. एक, पैसे आधी आपण भरायचे, बिलं नंतर मंजूर होतात, आणि प्रत्येक प्रकारच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे. दोन, विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तुम्ही नोंदणी कधीही केलेली असो. तिने पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढला तर मेडिकलच्या कितीतरी पावत्या पांढऱ्याफटक, शाई उडून गेलेली. त्या पातळ चकचकीत कागदाची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची आणि त्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख लिहायची, हे ठरलं.

मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली केली, पांढऱ्या कार्डालासुद्धा, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तीही पगार विचारत नाही. मात्र यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यातच.

सात-आठ महिन्यांनी ती आली ती पहिल्या क्लेमचा कागद घेऊन. थोडे पैसे कापले होते, कशाचे ते तिने स्वतःच शोधून पेनाने गोल केलं होतं. वसतिगृहाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. जाता जाता दारात थांबली. “मॅडम, हा अठराचा झाल्यावर?”

विमा तेव्हाही चालू राहतो. पण सज्ञान झाल्यावर त्याच्या वतीने सही करायला कायदेशीर पालकत्व लागेल, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज. ती परत आत येऊन बसली, वही काढली आणि म्हणाली, “सांगा, लिहून घेते.”