पुराचा इशारा आला की सामान माळ्यावर टाकून घरातच थांबावं, की घर सोडावं?

घर सोडावं. सामानाचं नंतर बघता येतं.

मी सांगलीची, गावभागातली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांवर, म्हणजे धोका पातळीला आली, तेव्हाच मी घरात म्हटलं होतं, मामंजींना घेऊन विश्रामबागला नणंदेकडे जाऊ. मोठे दीर म्हणाले, "2005 ला पाणी पायरीला लागून परत गेलं. उगीच घाबरवू नकोस."

2005 ला नदी 53 फुटांच्या पुढे होती, 2019 ला 57 च्याही पुढे गेली. मागच्या पुराची खूण ही त्या वर्षीच्या पावसाची आणि विसर्गाची. वरून कोयनेचं पाणी सोडलेलं, खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा फुगलेली. कृष्णा तुंबणार नाही तर काय होणार?

आणि पाणी नदीकडून येईल म्हणून दारात बघत बसू नका. आमच्याकडे ते न्हाणीच्या मोरीतून आलं. आधी बुडबुडे, मग काळं पाणी, आणि समोरचा रस्ता तोवर कोरडा. दीर मोरीत गोणपाट कोंबत होते. रात्री आम्ही माडीवर, आणि खाली स्वयंपाकघरात सिलिंडर तरंगत कपाटावर आपटत होता. वीज गेलेली. मामंजींचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं. शेवटी त्यांना खुर्चीसकट माडीच्या खिडकीतून नावेत उतरवलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. दीर आजही म्हणतात, "निभावलं ना?" निभावलं ते नाव आणणाऱ्या पोरांनी.

म्हणून सांगते, 40 फुटांच्या इशाऱ्यालाच म्हातारी माणसं आणि लेकरं हलवा. औषधं, कागदपत्रं, चार कपडे, बास. "आपल्याकडे येत नाही" असं घरातलं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, रिक्षा बोलवा. 2021 ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा मी कोणाला विचारलंच नाही. मामंजींना घेऊन निघाले, दीर मागून आले.

हे झालं आमच्या शहरातलं. गोठ्यात जनावरं असतील तर ती आधी उंचावर न्या, नाहीतर माणूस दावणीपाशीच अडकतो. आणि तुम्ही चिपळूणकडचे असाल तर आमचा फुटांचा हिशोब धरू नका, तिथे भरती असली की वाशिष्ठी काही तासांत चढते.