कुंडीतला पुदिना काही महिन्यांनी नुसत्या काड्यांवर का येतो?

तुम्ही लिहिलंय की पहिले चार-पाच महिने पुदिना भरभरून आला, आता कुंडीच्या कडेला थोडी बारीक पानं आणि मधोमध उघड्या काड्या उरल्यात. पाणी आणि खत वाढवूनही फरक पडत नाही. आधी ते वाढवणं थांबवा. कुंडी आडवी करून पुदिना मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. बहुतेक माती कमी आणि मुळंच जास्त दिसतील.

पुदिना हे पसरणारं झाड आहे. त्याची आडवी खोडं मातीच्या वरून आणि आतून सरकत जातात, पेरापेराला मुळं धरतात आणि तिथून नवे कोंब काढतात. जमिनीत असताना जुना भाग मागे सोडून तो पुढे निघून जातो. कुंडीत मात्र भिंत आडवी येते. मग तीच खोडं कडेकडेने गोल फिरत राहतात आणि मधला भाग जुना होऊन वठतो. मला हे उशिरा कळलं. मी तहान समजून पाणी वाढवत गेले आणि मुळं काळी पडून कुजली, एक चांगलं वाढलेलं झाड हातचं गेलं.

गोळा बाहेर आला की सुरीने चार तुकडे करा. मधला वठलेला भाग टाकून द्या आणि कडेची पांढरी, टपोरी खोडं ठेवा. तीन-चार पेरं असलेला तुकडा मातीत आडवा ठेवून वर दोन-तीन सेंटिमीटर माती पसरायची. कुंडी खोल नको, पसरट हवी: ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल पुरते, पण तळाला भोकं हवीतच. मी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. आठवडाभर सावलीत ठेवा, मग चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी हलवा, शक्यतो सकाळचं. ऊन कमी पडलं तर दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि काड्या लोळतात. ही उस्तवार मी वर्षातून एकदा करतेच, झाड चांगलं दिसत असलं तरी.

पाण्यासाठी वार ठरवू नका, मातीत बोट घाला. वरचा थर कोरडा लागला की भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्या, आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

तोडणीत बरेचजण चुकतात. एकेक पान ओरबाडलं की काडी उघडी पडते. त्यापेक्षा पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात. कळ्या दिसल्या तर निम्म्यावरून छाटा, पुदिना ते आनंदाने सोसतो. खत महिन्याला मूठभर गांडूळखत, एवढंच. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, मग मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतो.

पानांखाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. सगळं मातीलगत कापा आणि ती पानं कुंडीपासून लांब टाका. नव्या फुटीवरही आला तर त्या झाडाची खोडं पुन्हा लावू नका. निरोगी पुदिन्याची बोटभर काडी घ्या, खालची पानं काढा, पाण्यात उभी ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं दिसू लागतात. ती दोन-तीन सेंटिमीटरची झाली की नव्या मातीत लावा.