वर्गातला मुलगा म्हणतो 'मला आतून मुलगीच असल्यासारखं वाटतं', घरी सांगू का?

तुम्ही लिहिलंय की आठवीतल्या एका मुलानं तुम्हाला एकटं गाठून हे सांगितलं आणि आता पालकांना बोलवावं का असा प्रश्न पडलाय. नका बोलवू. त्याला विचारल्याशिवाय तर नाहीच. माझ्या हातून हीच चूक झालीय म्हणून सांगतेय.

मी सांगली जिल्ह्यात एका हायस्कूलला मराठी शिकवते, 19 वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात नववीत एक पोरगं होतं, कविता म्हणायला लागलं की वर्ग गप्प व्हायचा आणि मधल्या सुट्टीत तीच पोरं त्याला बायल्या म्हणून हाका मारायची. त्यानं मला असंच काहीतरी सांगितलं आणि मी, आईला माहिती पाहिजे म्हणून, बोलावून सगळं सांगून टाकलं. आई पदर तोंडाला लावून नुसती बसून राहिली. आमच्याकडं पोरात असं काही दिसलं की कित्येक घरांत पहिली भीती यल्लमाची, देवीनं धरलं, आता कर्नाटकात सौंदत्तीला देवळात नेऊन देवीला वाहिलेला जोगत्या करावं लागणार, त्यामुळं आधी मारहाण झाली मग देवऋषी झाला आणि दिवाळीनंतर पोरगं शाळेत आलंच नाही. मामाकडं वेल्डिंगच्या कामाला लावलं असं कळलं. दहावीचा फॉर्मसुद्धा भरला नाही त्यानं. अजून परीक्षेचे फॉर्म आले की मला तो आठवतो.

तुमच्या वर्गातला हा मुलगा नक्की कोण हे ठरवायची घाई तुम्ही करू नका, ते आपलं कामच नाही. बायकी वागणं, मुलगी असल्यासारखं वाटणं आणि मुलं आवडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण सगळ्याला एकच शिवी देऊन मोकळे होतो. आपलं काम चिडवणं थांबवणं, आणि ते स्टाफरूमपासून, कारण पोरं आपलंच ऐकून बोलतात. अजून एक बघा, तो दिवसभर पाणी पितो का? आमच्याकडं एक जण बाथरूममध्ये पोरं त्रास देतात म्हणून सकाळपासून घोटभर पाणी प्यायचा नाही. आम्ही त्याला स्टाफच्या बाथरूमची किल्ली दिली, कुणाला कारण सांगितलं नाही.

मुख्याध्यापक कुरकुरले तर सांगा की सुप्रीम कोर्टानं 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केलाय, आणि 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात शाळेनं शिक्षणात आणि खेळात भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. आणि कुणी डॉक्टर 'बरा करून देतो' म्हणाला तर लांब राहा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच असल्या कन्व्हर्जन थेरपीला गैरवर्तन ठरवलंय. मुलगा फारच खचलेला वाटला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416, घरात मारहाण होत असेल तर मुलांसाठीची चाइल्डलाइन 1098.

मुलींकडं तर कुणाचं लक्षच जात नाही. शर्ट-पँट घालणारी, कबड्डी खेळणारी पोरगी सातवीपर्यंत 'आमचा वाघ' असते, नंतर एकदम केस वाढव, मान खाली घालून चाल, आणि दहावी झाली की स्थळं.

आता कुणी सांगायला आलं तर मी दोनच गोष्टी विचारते, तुला काय म्हणून हाक मारू आणि हे अजून कुणाला सांगितलेलं चालेल. गेल्या वर्षी एकीनं सांगितलं, "मॅडम, एकटं असताना दादा म्हणा, घरी मी सांगीन, पण बारावी झाल्यावर." मी बरं म्हटलं. आता अकरावीला आहे.