इंजेक्शन सोडू नकोस, पण सगळा थकवा बी-१२च्या नावावर खपवू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वजन कमी करण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपासला दीड वर्ष होत आलं, वजन छान उतरलं, भेटेल तो कौतुक करतो. आणि तू मात्र जिना चढून वर गेलीस की आधी आडवी होतेस. बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घेतलं की चार दिवस तरतरी वाटते, मग पुन्हा तेच. म्हणून महिन्याचं इंजेक्शन दर आठवड्याला घेऊ का, असं विचारलंयस.

आठवड्याला घेतल्याने तुला विषबाधा होणार नाही. मला भीती वेगळीच वाटते. थकव्याचं खरं कारण दुसरंच असलं, तर 'इंजेक्शन चालू आहे ना' या समाधानात महिने निघून जातील. वर्षानुवर्षं अशा रुग्णांना इंजेक्शनं देत आले आहे, त्यामुळे हे वारंवार पाहिलं आहे.

आधी इंजेक्शनचं बघू. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. मग जठराच्या अस्तरातून पाझरणारं एक प्रथिन, इंट्रिन्सिक फॅक्टर, त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. तुझ्या ऑपरेशननंतर अन्न ज्या छोट्या पिशवीत पडतं तिथे आम्ल जेमतेम असतं, आणि बाकीचं जठर वाटेतून बाजूला गेलेलं आहे. म्हणून ते थेट स्नायूत द्यायचं, साधारणपणे महिन्याला १००० मायक्रोग्रॅम. रोज मोठ्या मात्रेची गोळी घेऊनही अनेकांचं भागतं, पण ती रोज आठवणीने घ्यावी लागते.

यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त पुरतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचे रिपोर्ट चांगले येतात, माणूस म्हणतो मला गरज नाही, आणि इंजेक्शन बंद करतो. पुढे तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, साधी नावं आठवेनाशी होतात. मज्जातंतूंची ही हानी लांबली तर पूर्ण भरून येतेच असं नाही. तेव्हा बरं वाटतंय म्हणून एकही महिना चुकवू नकोस. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांवरही विसंबू नकोस. त्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं, नसा मात्र आतून बिघडत राहतात.

तपासणी पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या एक-दोन दिवसांत कर. सुई घेतल्यावर लगेच तपासलंस तर आकडा भरघोस येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. आकडा काठावरचा आला तर मिथाइलमॅलोनिक अॅसिडची (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासणी करता येईल का, ते डॉक्टरांना विचार.

आता थकव्याचं. तू लिहिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय लोहावर आहे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. त्यात तुझी पाळी चालू. 'हिमोग्लोबिन ठीक आहे' यावर समाधान मानू नकोस, ते उशिरा उतरतं. लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि तो फेरिटिन या रक्ततपासणीत दिसतो. सारखा बर्फ चावावासा वाटतो का? कंगव्यात केस जास्त येतात का? मागच्या पत्रात केसांबद्दल ओझरतं लिहिलं होतंस, म्हणून विचारते. तुझ्यासारखीला गोळ्यांतून रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. ते कॅल्शियमबरोबर घ्यायचं नाही, मध्ये निदान दोन तास जाऊ देत, चहा-कॉफीबरोबरही नको. गोळ्या सोसत नसतील किंवा फेरिटिन हलतच नसेल, तर लोह शिरेतून देता येतं. ते मागायला संकोच करू नकोस.

खुर्चीवरून उठताना मांड्यांत बळ नसल्यासारखं वाटत असेल तर ड जीवनसत्त्वही तपास. आणि प्रथिनं खरोखर किती पोटात जातात ते चार दिवस लिहून काढ. दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत. भूक कमी झाली की सगळ्यात आधी तीच मागे पडतात.

जेवल्यावर तास-दोन तासांनी घाम फुटून हात थरथरत असतील, तर ती गळल्याची भावना साखर अचानक उतरल्याची असू शकते. त्याला सुई नाही. गोड आणि मैद्याचं कमी करायचं, प्रथिनं आधी खायची आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

एक गोष्ट मात्र पुढच्या तपासणीपर्यंत थांबणारी नाही. सतत उलट्या होत असतील आणि त्यात एकाचे दोन दिसायला लागले, पाय लटपटले, बोलण्यात गोंधळ झाला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठ. बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात काही आठवडेच पुरतं आणि त्याची कमतरता मेंदूवर घाला घालते. तिथे पोचताच आधी सांग, 'माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन द्या.' घरच्यांनाही हे वाक्य पाठ करून ठेवायला सांग, कारण त्या वेळी तुला बोलता येईलच असं नाही.

आळशी झालीस, मनाचं आहे, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मनही खचलेलं असू शकतं आणि तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. पण रक्त तपासल्याशिवाय तो निवाडा कोणी देऊ नये.

रिपोर्ट आले की बी-१२, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि फॉलेट (म्हणजे फॉलिक अॅसिड), चारही आकडे मला कळव. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलंस तेही लिही.

तुझी,
ताई