'पर्यंत'चं इंग्रजी: बाय की टिल?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघणाऱ्या वाचकाने विचारलंय: "इंग्लंडमधल्या ग्राहकाला मी मेल केली, 'वुई विल सेंड द कास्टिंग्ज टिल फ्रायडे.' त्याचं उत्तर आलं, 'ॲण्ड आफ्टर फ्रायडे?' मला तर एवढंच म्हणायचं होतं की शुक्रवारपर्यंत पाठवतो. यात चुकलं कुठे? आणि टिल आणि अनटिल यांतलं मेलमध्ये कुठलं लिहावं?"

ग्राहक टोमणा मारत नसावा. त्याने वाक्य वाचलं ते असं: शुक्रवार येईस्तोवर माल पाठवत राहू, मग बंद. साहजिकच त्याने विचारलं, मग पुढे काय? तुम्हाला हवं होतं 'बाय फ्रायडे'.

आपण सगळ्यांनी शाळेत 'टिल म्हणजे पर्यंत' असं घोकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत दे' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. थांबणं आत्ता सुरू होतं आणि शुक्रवार उजाडेपर्यंत अखंड चालतं. देणं मात्र एकदाच घडतं, मंगळवारी घडो की गुरुवारी. शुक्रवार ही फक्त मुदत. दोन्हीकडे शब्दयोगी अव्यय तेच, कारण 'थांब' आणि 'दे' या क्रियापदांवरूनच आपल्याला काय ते कळतं. मूळ संस्कृत शब्दही तेवढंच सांगतो: परि अधिक अन्त, म्हणजे कड, सीमा. सीमा कुठे आहे ते 'पर्यंत' दाखवतो. तिथवर काय चालू राहणार किंवा तिच्या अलीकडे काय एकदा घडणार, हे सांगणं त्याचं काम नाही. इंग्रजीने त्या दोन कामांना दोन शब्द ठेवलेत. सतत चालणाऱ्या गोष्टीला टिल, मुदतीला बाय.

कुठला कधी, हे ओळखायला इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही. आपल्याकडे 'च्या आत' आहे. 'शुक्रवारच्या आत पाठवतो' हे बसतं, म्हणून बाय. 'शुक्रवारच्या आत थांबतो' हे कानाला खटकतं, म्हणून टिल. हॉटेलच्या खोलीत दारामागे जो कागद चिकटवलेला असतो त्यावर दोन्ही सापडतील: नाश्ता १० पर्यंत, खोली ११ पर्यंत सोडावी. नाश्ता १० च्या आत 'चालू' असतो असं कोणी म्हणणार नाही, तिथे टिल टेन. खोली ११ च्या आत सोडायची, तिथे बाय इलेव्हन. बँकेत फॉर्म ३१ तारखेपर्यंत भरायचा तो बाय. काउंटर ४ पर्यंत उघडा तो टिल.

ही अडचण मराठी माणसाचीच आहे असंही नाही. जर्मनमध्ये 'बिस' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि जर्मन लोक इंग्रजीत हुबेहूब तुमच्यासारखंच 'आय विल फिनिश इट अनटिल फ्रायडे' लिहितात. तुमच्या कास्टिंग्जचा ग्राहक इंग्लंडऐवजी श्टुटगार्टचा असता तर कदाचित ही मेल बिनबोभाट पार पडली असती.

आता 'नाही' आलं की काय होतं ते बघू, कारण कामाच्या पत्रव्यवहारात खरी भांडणं तिथे होतात. 'माल शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही.' याचं इंग्रजी बायने होतं आणि अनटिलनेही होतं, दोन्ही व्याकरणशुद्ध, आणि अर्थ मात्र वेगळे. 'इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार गाठणं जमणार नाही. सोमवारी होईल की पुढच्या महिन्यात, काही सांगितलेलं नाही. 'इट वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी होईल, त्याआधी मागू नका. पहिलं वाचून ग्राहक दुसरा पुरवठादार शोधायला लागेल, दुसरं वाचून ट्रकची वेळ ठरवेल. मराठीत हा फरक करायचा असला की आपण 'पर्यंत' सोडून देतो आणि म्हणतो, 'शुक्रवारशिवाय काही होत नाही बघा.' हे 'शुक्रवारशिवाय नाही' म्हणजे नेमकं 'नॉट अनटिल फ्रायडे'. दुकानदार, शिंपी, मेकॅनिक सगळे हे वाक्य दिवसातून चार वेळा उच्चारतात. त्यांना 'नॉट अनटिल' शिकवायला दोन मिनिटं पुरतील.

याच घराण्यातली आणखी एक चूक फार चिवट आहे, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही ती येते: 'वेट अनटिल ही डझन्ट कम.' ऐकणारा चक्रावतो, कारण शब्दशः त्याचा अर्थ 'तो न येण्याची घटना घडेपर्यंत थांब' असा काहीतरी होतो. उगम उघड आहे: 'जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत थांब.' आता आपलं वाक्य नीट उलगडा. 'जोपर्यंत' इथे काळाचा एक पट्टा दाखवतो, तो आलेला नाही असा सगळा वेळ; आणि त्या पट्ट्यात तो येत नसतो, म्हणून 'नाही' अगदी तर्कशुद्ध आहे. इंग्रजी अनटिल पट्ट्याकडे बघतच नाही, त्याला फक्त शेवटचं टोक दिसतं, आणि ते टोक म्हणजे त्याचं येणं. तिथे नकाराला जागा नाही. हिंदीत 'जब तक वह नहीं आता' असतं, रशियन भाषेतही अशा वाक्यात नकार घालतात, तेव्हा आपण एकटे नाही. सुटका मात्र मराठीतच आहे. तेच वाक्य 'तो येईपर्यंत थांब' असं फिरवलं की 'नाही' आपोआप गळतं आणि 'वेट अनटिल ही कम्स' सरळ हाती येतं. डोक्यात 'जोपर्यंत... नाही' आलं की आधी त्याचं '-ईपर्यंत' करायचं आणि मगच तोंड उघडायचं.

फक्त या '-ईपर्यंत'मध्ये 'येईल'ची सावली आहे, त्यामुळे 'अनटिल ही विल कम' म्हणायचा मोह होतो. तो आवरा. घटना पुढची असली तरी अनटिलच्या मागे इंग्रजी साधा वर्तमानकाळच घालतं. 'मेल येईपर्यंत गाडी सोडू नका' हे 'डोन्ट रिलीज द ट्रक अनटिल यू गेट द मेल'.

आणि 'स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती'? इथे 'पोचेपर्यंत' आहे म्हणून अनटिल घालाल तर फसाल. गाडीचं सुटणं एकदाच झालं, आपल्या पोचण्याच्या आत झालं. पुन्हा 'च्या आत'ची परीक्षा लावा आणि बाय निघतो. पण मागे अख्खं वाक्य आलं की एकटा बाय चालत नाही, 'बाय द टाइम वुई रीच्ड द स्टेशन' असं म्हणावं लागतं. 'पाऊस थांबेपर्यंत इथेच बसू' यात अनटिल, 'पाऊस थांबेपर्यंत अंधार पडला' यात बाय द टाइम. मराठीत दोन्ही 'थांबेपर्यंत' तंतोतंत सारखे. मध्यम पातळीवरच्या माणसाला शब्द कमी पडतात असं मला वाटत नाही. एका मराठी शब्दासमोर एकच इंग्रजी शब्द लिहिलेली जुनी वही त्याला नडते.

तारखांचा घोळ वेगळा, आणि तो प्रत्यक्ष नुकसान करणारा. आपल्याकडे शटरवर पाटी लागते, 'दि. ५ ते ९ पर्यंत दुकान बंद राहील.' आपण समजतो १० तारखेला उघडेल. इंग्रजीत 'क्लोज्ड अनटिल द नाइन्थ' लिहिलं तर बहुतेक वाचणारे ९ तारखेला येऊन उभे राहतील. म्हणून रजेच्या ऑटो-रिप्लायमध्ये 'ऑन लीव्ह टिल द नाइन्थ' लिहूच नये. आपल्या ऑफिसातले लोक ९ धरून रजा समजतात, बाहेरचे ९ ला उत्तराची वाट बघतात. 'बॅक ऑन द टेन्थ' लिहा, वाद मिटला. अमेरिकन लोकांनी यासाठी 'थ्रू' ठेवलाय: 'क्लोज्ड थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून बंद. सोयीचा शब्द आहे, पण ब्रिटिश ग्राहकाला तितकासा घरचा नाही.

बायमध्ये सांगितलेला दिवस सहसा धरलेला असतो. ब्रिटनमध्ये मांसाच्या पाकिटावर 'यूझ बाय' तारीख असते, त्या तारखेलाही ते खाता येतं, दुसऱ्या दिवशी नाही. ('बेस्ट बिफोर' हे निराळं प्रकरण, तिथे प्रश्न चवीचा आणि दर्जाचा असतो, सुरक्षिततेचा नाही.) गंमत अशी की 'शुक्रवारच्या आत' ऐकून आपल्यातले काही जण गुरुवार धरतात. तेव्हा मी वर दिलेली परीक्षा शब्द निवडण्यापुरती वापरा, दिवस मोजायला नको. पैशाचा किंवा दंडाचा मामला असेल तर सरकारी नोटिसांतलं रुक्ष 'ऑन ऑर बिफोर' सगळ्यात सुरक्षित.

तुमच्या कामात वेळही लिहा. 'बाय फ्रायडे' म्हटलं की इंग्लंडचा माणूस त्याच्या शुक्रवारचे संध्याकाळचे ५ धरणार; ते आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकवतात. शिवाय 'सेंड'मध्ये माल शिरोलीतून निघाला की त्याच्या गोदामात पोचला, हे कळत नाही. तुम्ही डिस्पॅच बघता, म्हणजे तुमच्या मनात निघण्याची तारीख असणार. तो मात्र उतरवून घेण्याची तारीख वाचणार. 'द कास्टिंग्ज विल लीव्ह अवर फॅक्टरी बाय फ्रायडे' एवढं लांब लिहिलेलं बरं.

जागा आणि रक्कम यांना टिल लावायची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडा. 'कोपऱ्यापर्यंत येतो' हे 'ॲज फार ॲज द कॉर्नर', स्वारगेटपर्यंतचं तिकीट हे नुसतं 'टू स्वारगेट', पन्नास हजारांपर्यंतची सूट 'अप टू'. 'निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही' यात तर काहीच नको: 'द मेसेज डिडन्ट रीच मी'. 'आजपर्यंत' मात्र 'टिल नाऊ'ने भागवतात, त्यापेक्षा 'सो फार' जास्त सहज वाटतं.

राहिला टिल आणि अनटिलचा प्रश्न. अर्थ एकच. अनटिल हा मूळ शब्द आणि टिल हा त्याचा आळशी संक्षेप, असं खूप जण सांगतात, आहे उलटं. टिल जुना, उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्स भाषेतून आलेला. अनटिल नंतर त्याला पुढे जोड देऊन झाला, साधारण १२०० च्या सुमारास. त्यामुळे टिलच्या डोक्यावर ॲपॉस्ट्रॉफी ठेवून एका एलने लिहायची जी फॅशन आहे तिला इतिहासाचा आधार नाही. टिलला दोन एल, अनटिलला एक. औपचारिक मेलमध्ये, आणि विशेषतः वाक्याची सुरुवात करताना, अनटिल बरा दिसतो: 'अनटिल वुई रिसीव्ह द ॲडव्हान्स, वुई कॅनॉट स्टार्ट द कास्टिंग.' फोनवर बोलताना टिल बेलाशक वापरा.