संस्कृतीत मूल्यं आणि नॉर्म्स यात फरक काय? आणि भाषा, प्रतीकं कुठे बसतात?

मूल्य म्हणजे चांगलं काय ते, नॉर्म म्हणजे मग वागायचं कसं. सगळे समान हे मूल्य, रांगेत घुसायचं नाही हा नॉर्म. प्रतीकाचं म्हणाल तर झेंडा, आहे कापडच, पण कोणी पायाखाली घेतला की माणसं पेटतात.

गंमत म्हणजे नॉर्म पाळला जातोय तोवर दिसतच नाही. हॅरॉल्ड गार्फिंकेल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं की स्वतःच्याच घरी पेइंग गेस्टसारखं वागा, म्हणजे बोलायचं अगदी औपचारिक, फ्रिजमधलं काही खायचं तरी आधी परवानगी मागायची, वाद वगैरे काहीच नाही, नुसती सभ्यता, तरी घरचे वैतागले, काहींना वाटलं पोरगं आजारीबिजारी आहे की काय. भाषेची ताकद ती हीच, नुसता बोलण्याचा सूर बदलला आणि नातंच परकं वाटायला लागलं.